वाकडतोंड्याच्या नऊ बिया

सासूबाई होत्या तोवर त्या घरात सुनेला आणि सासऱ्यांना एकमेकांशी बोलावंच लागलं नाही. भांडण होतं असं नाही, अबोला तर मुळीच नाही. सगळं बोलणं सासूबाईंवरून जायचं, एवढंच. सासरे पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "तिला म्हणावं, न्हाणीघरातला नळ नीट बंद करत जा." ती तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभी असायची, शब्दन् शब्द ऐकू यायचा, तरी सासूबाई तिच्याकडे वळून म्हणायच्या, "ऐकलंस का गं, वरच्या ऑफिसातून नळाची तक्रार आलीय." ती म्हणायची, "आई, त्यांना सांगा, वायसर गेलाय." मग सासूबाई कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे वळायच्या. "वायसर गेलाय हो. आता तुम्ही जा आणि आणा." सासरे उठायचे आणि आणायचे.

पाच वर्षं असं झक्क चाललं. मग सासूबाई गेल्या. ठमी तेव्हा सात आठवड्यांची होती. ठमी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण पाळण्यात डोकावून सासूबाईंनी पहिल्याच दिवशी "काय गं ठमे" म्हटलं आणि तेच चिकटलं.

ती रडली नाही. भेटायला येणारी माणसं तिच्या नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणायची, बायको धीराची आहे हो तुझी. धीरबिर काही नव्हता. दाढ काढायच्या आधी सुई टोचली की गाल कसा आपला नसल्यासारखा होतो, हात लावला तर तिथे काहीतरी आहे एवढं कळतं, पण कुणाचं आहे ते कळत नाही, तसं तिला अंगभर झालं होतं. ती ठमीला पाजायची, ढेकर काढायची, लंगोट बदलायची. सगळं वेळेवर आणि सगळं बरोबर. औषधाच्या दुकानात आठ वर्षं काउंटरमागे काढलेली बाई ती. माप चुकायचं नाही. बाळंतपणाच्या रजेवर असली तरी हातांना रजा नव्हती. फक्त ठमीने पहिल्यांदा खुदकन हसून दाखवलं तेव्हा तिने मनात नोंद केली, हसली, आणि पुसायचं फडकं उचललं.

हिवाळा सरत आला तेव्हा एका सकाळी सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. आत यायचे नाहीत ते. फ्रिजकडे बघत म्हणाले, "तो बियांचा डबा."

ती भांडी विसळत होती. ते आपल्याशीच बोलताहेत हे कळायला तिला जरा वेळ लागला.

"टोमॅटोचा," सासरे फ्रिजला म्हणाले. "लावायची वेळ झाली. ती याच दिवसांत लावायची."

"ठेवलाय, बाबा," ती म्हणाली.

"हं," म्हणून ते गेले.

डबा खरंच ठेवलेला होता. पत्र्याचा, बिस्किटांचा, झाकणावर घोडागाडीचं चित्र. तिच्याच खोलीत होता आणि त्यात ठमीचे मोजे होते. मोजे ठेवण्याआधी काय होतं, ते तिला नळाखाली हात धरून उभ्या उभ्या आठवलं. सासूबाई गेल्या त्या आठवड्यात तिने स्वयंपाकघर आवरायला काढलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. हात थांबले की काय करायचं ते सुचत नव्हतं म्हणून. चार काळ्या पिशव्या भरून कचरा निघाला. त्यातच हा डबा निघाला. आत कागदी रुमालांची चवड होती, चुरगळलेली, पिवळे-तांबडे डाग पडलेली. जेवून हात पुसलेले रुमाल म्हातारीने कशाला जपून ठेवलेत कोण जाणे, असं म्हणत तिने ते पिशवीत रिकामे केले आणि डबा साबणाने घासून उन्हात वाळवला.

सासूबाई टोमॅटोच्या बिया कागदी रुमालावर पसरून वाळवायच्या. तिने हे चार वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं. बी कागदाला चिकटतं, मग कागदासकटच पेरायचं. मागच्या दारी वाफा होता, दोन खाटांएवढा. त्यात वीस-बावीस वर्षं एकाच जातीचा टोमॅटो. मूळ बी कुठून आलं ते सासूबाईंनाही आठवत नव्हतं. तो बाजारात मिळायचा नाही. चपटा, खाचाखाचांचा, देठाकडून एका अंगाला मुरडलेला. सासूबाई त्याला वाकडतोंड्या म्हणायच्या. "अगदी तुझ्या सासऱ्यांवर गेलाय बघ," त्या सांगायच्या, सासरे ऐकत असतानाच. "तोंड वाकडं, आतून गोड. पण तेवढं कापून बघावं लागतं." मागच्या वर्षी आजारपणात वाफा रिकामाच राहिला होता. म्हणजे जे काही बी होतं, ते त्या डब्यात होतं.

म्हणजे आता ते नव्हतंच.

हे सगळं तिला समजलं आणि वाईट वाटलं नाही. फक्त एक गोष्ट स्वच्छ दिसली, दुकानात एकाच्या चिठ्ठीवरचं औषध दुसऱ्याला दिलं गेलं की दिसते तशी: ही चूक आहे आणि ती आपली आहे. बाबांना हे कळलं तर ते काही बोलणार नाहीत. आणि त्यांचं न बोलणं पोचवायला, त्यातून चार शब्द काढून हसत हसत अंगावर टाकायला, मधे आता कुणी नाही.

नवरा ट्रकवर असायचा, आठवड्यातले चार-पाच दिवस बाहेर. फोनवर तिने त्याला सांगितलं नाही. काय सांगायचं? तुझ्या आईचं वीस वर्षांचं बी मी कचऱ्यात टाकलं, आणि हो, येताना लंगोट आण.

दोन दिवसांनी नणंदेचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात राहायची आणि फोनवर कायम काहीतरी चावत बोलायची. "अगं, मी आईला ते यंत्र दिलेलं, पाण्यात झाडं लावायचं, ते उघडलंच नाही ना कुणी? माझ्या शेजारणीला हवंय. पाठवून दे बाई, उगीच जागा अडवतंय."

यंत्र माळ्यावर होतं. पाठीच्या दुखण्याने सासूबाईंना वाकता येईना झालं, तेव्हा लेकीने ओट्यावर ठेवून बसल्या जागी रोपं करता यावीत म्हणून आणलेलं. सासूबाई खोक्यावरचं चित्र बघून म्हणाल्या होत्या, "मातीशिवाय झाड? म्हणजे नवऱ्याशिवाय संसार. चालेल की! उलट बरा चालेल." पुढे त्यांचं दवाखान्यात जाणं-येणं सुरू झालं आणि खोकं राहून गेलं.

असं सगळ्यांना वाटलं होतं. तिने खोकं खाली काढलं तर चिकटपट्टी आधीच कापलेली. आत पांढरं यंत्र, आणि माहितीच्या पत्रकात घडी घालून ठेवलेला एक कागदी रुमाल. त्यावर पेन्सिलीने, सासूबाईंच्या तिरक्या अक्षरात, 'वाकड. आधी हे नऊ.'

खरंच नऊ होत्या. तिने बोटाने मोजल्या. चपट्या, लवदार, तिळाएवढ्या.

तिने नणंदेला कळवलं, यंत्र सापडत नाहीये.

* * *

यंत्र म्हणजे काय, बुटांच्या खोक्याएवढी पाण्याची टाकी. वर झाकणाला बारा भोकं, भोकांत जाळीच्या इवल्या टोपल्या, टोपल्यांत स्पंजाचे गोळे. मागून एक दांडा वर गेलेला, त्याला दिव्यांची पट्टी. आत बोटभर पंप. पत्रकात सगळं लिहिलं होतं: दिवा सोळा तास चालू, आठ तास बंद. उगवेपर्यंत नुसतं पाणी. उगवल्यावर दोन बाटल्यांतलं खाद्य, दोन्हींतून पाच-पाच मिली, दर पाच दिवसांनी. वाचताना तिला बरं वाटलं असं म्हणता येणार नाही, पण वाचायला सोपं गेलं. कितीतरी दिवसांत कुणी तिला काहीतरी मिलीमध्ये सांगत होतं.

ठमीला तिने ओट्याजवळ झोळीच्या खुर्चीत बसवलं आणि नखं कापायच्या कात्रीने रुमाल कापला. प्रत्येक बीभोवती नखाएवढा कागद. चिमट्याने एकेक तुकडा स्पंजाच्या फटीत सारला, वर पारदर्शक टोप्या घातल्या. नऊ भोकं भरली, तीन रिकामी राहिली. बटण दाबलं तसा पंप गुळगुळ करायला लागला आणि ओटा दवाखान्यातल्यासारखा उजळला. ठमी दिव्याकडे बघत राहिली. हुंकार नाही, काही नाही, नुसती टक लावून.

"बघ," ती ठमीला म्हणाली. आणि रुमालाचे उरलेले तुकडे गोळा केले.

सहाव्या दिवशी एका टोपीखाली पाठ वाकवलेला हिरवा दोरा दिसला, डोक्यावर बीचं टरफल घेऊन. नवव्या दिवसापर्यंत सात झाले. दोन उगवले नाहीत. ते उगवणारही नाहीत असं स्पंज बघून कळत होतं. सात पुष्कळ झाले, तिने हिशेब मांडला. एक जगलं तरी चालेल. एका झाडाला फळ आलं, एका फळातलं बी वाळवलं, की डबा पुन्हा भरतो. मग मोजे दुसरीकडे ठेवायचे आणि विषय संपला.

सासरे त्या दिवशी दारात आले आणि चक्क उंबरा ओलांडून आत आले. कागदाच्या गिरणीत चौतीस वर्षं बॉयलर सांभाळलेला माणूस. कोणत्याही यंत्रासमोर उभे राहिले की हात आपोआप पाठीमागे जायचे आणि मान आधी पाण्याच्या पातळीकडे वळायची. यंत्राला बाजूने एक खिडकी होती, आत तरंगणारा लाल मणी. त्यांनी मणी पाहिला. पंपाला कान लावला. मग रोपं पाहिली, बराच वेळ.

आणि खाली वाकून ठमीला म्हणाले, "आजीचे वाकडतोंडे आले बरं का, ठमाबाई. सात जण आले."

ठमीने तोंडातून बुडबुडा काढला.

"तुझ्या आईला म्हणावं, उरलेलं बी नीट ठेव. सगळं एकदम काढू नको."

ती गॅसपाशी उभी होती, चार पावलांवर. "आजोबांना सांग," तीही ठमीलाच म्हणाली, "हो म्हणावं."

असा घरात नवा टेलिफोन लागला. त्यातून निरोप जायचे खरे, पण तो काही कमरेवर हात ठेवून म्हणायचा नाही की ऐकलंत ना हो, उत्तर द्या. निरोप ठमीपाशी यायचा आणि बऱ्याचदा तिथेच लाळेत विरून जायचा.

* * *

पानं फुटली. आधी दोन गुळगुळीत, मग खरी, कातरलेली, बोट लावलं की टोमॅटोचा तो उग्र वास देणारी. तिने खाद्य सुरू केलं. दर पाच दिवसांनी दुपारी दोनला, ठमी झोपली की, सुईविना सिरिंजने दोन्ही बाटल्यांतून पाच-पाच मिली. थेंबाचा फरक नाही.

दुसऱ्या आठवड्यात पानांची टोकं करपली.

आधी वाटलं दिव्याची धग. तिने दांडा वर केला. टोकं तपकिरी होत होत कडा आत वळल्या, कागद पेटवून विझवल्यासारख्या. एक रोप मान टाकून आडवं झालं. तिने पत्रक पुन्हा वाचलं. पानं पिवळी पडून टोकं वाळली तर खाद्य कमी पडत असेल, असं एका ओळीत होतं. तिने पाचाचं सात केलं. तीन दिवसांत आणखी दोन गेली.

आणि मग तिचं लक्ष बाटल्यांकडे गेलं. आठ वर्षं बाटल्यांत किती उरलंय ते उजेडाला धरून बघणारी ती. आतापर्यंत फार तर एक बोट उतरायला हवं होतं. दोन्ही बाटल्या अर्ध्यावर आल्या होत्या.

गळत नव्हत्या. टोपणं घट्ट होती. म्हणजे कुणीतरी घालत होतं. घरात यंत्राला हात लावणारं कोण? आपण.

म्हणजे आपण घालतोय आणि विसरतोय.

हे तिला इतकं सरळ पटलं की शंकाही आली नाही. दूध उतू जाऊन भांडं कोरडं पडेपर्यंत ती परवाच समोर उभी राहिली होती. दाराला कुलूप लावलं की नाही हे बघायला दोनदा परतली होती. बाळंतिणी विसरतात, सगळे म्हणतात. पण दुपारी दोनला सिरिंज भरून ती दोन्ही बाटल्यांतून ओतायची, आणि मग जशी ओतलीच नाही अशी पुन्हा ओतायची, असं जर हात करत असतील तर हेच हात ठमीला रोज व्हिटॅमिनचे थेंब देतात. चार थेंब. जिभेवर.

तिने ठमीची बाटली उजेडाला धरली. ती बरोबर वाटली. पण बरोबर म्हणजे काय, हे ठरवणारेही तेच डोळे. तिने दोन दिवस ठमीला थेंबच दिले नाहीत. तिसऱ्या दिवशी डॉक्टरला फोन लावायला घेतला आणि पहिल्याच आकड्यावर थांबली. काय सांगणार? मला माझा भरवसा नाही? ती घाबरली होती का, हेही तिला नीट सांगता आलं नसतं. पायांची बोटं गार पडली होती, तेवढं खरं.

चौथं रोप गेलं. तीन राहिली.

त्याच आठवड्यात ठमी एकदा पहाटे पाचला उठली आणि झोपेना. तिला खांद्यावर टाकून ती पाणी प्यायला बाहेर आली, तर स्वयंपाकघरात यंत्राचा दिवा लागलेला. तो पाचला आपोआप लागायचा. त्या पांढऱ्या उजेडात सासरे उभे होते. गिरणीतला जुना निळा स्वेटर, कानटोपी, पायांत बूट. घरात, पहाटे पाचला, बूट. एका हातात मोजपात्र, दुसऱ्या हातात खाद्याच्या बाटलीचं टोपण. त्यांनी टोपण काठोकाठ भरलं, डोळ्यांसमोर धरून पातळी पाहिली आणि टाकीत ओतलं. मग दुसऱ्या बाटलीचं. मग लाल मणी वर येईस्तोवर पाणी. मग रोपांना म्हणाले, "पहिली पाळी झाली. आता धरा की जरा जीव, लेको."

ती दारात उभीच. काहीतरी व्हायला हवं होतं तिला. राग, नाहीतर हसू. डोक्यात फक्त एक वाक्य फिरत होतं: मी नव्हते. मी नव्हते ती.

"बाबा," ती म्हणाली.

सासरे दचकले, टोपण ओट्यावर घरंगळलं. त्यांनी पटकन इकडेतिकडे पाहिलं, कुणामार्फत बोलावं ते शोधल्यासारखं. ठमी खांद्यावर पाठमोरी होती.

"मीही घालते त्यात," ती म्हणाली.

"काय?"

"खाद्य. दुपारी. दर पाच दिवसांनी."

"किती?"

"पाच-पाच मिली. आता सात."

त्यांनी टोपण उचलून पाहिलं. "ह्यात पाच बसतं. मी रोज घालतो. दोन्हींचं."

"रोज?"

"बॉयलरच्या पाण्यात प्रत्येक पाळीला औषध घालावं लागतं. मला वाटलं, हेही तसंच." ते खिडकीतल्या मण्याकडे बघायला लागले. मग एकदम त्यांचा आवाज बदलला, गिरणीतला झाला. "अरे देवा. क्षार साचले. घालतोय रोज आणि तळाचं पाणी एकदाही सोडलं नाही. औषध घालायचं आणि पाणी सोडायचं, दोन्ही करायचं असतं. नवीन पोरालाही कळतं हे." त्यांनी कपाळावर हात मारला नाही, काही नाही, टाकीच्या झाकणाला हात घातला. "टाकी रिकामी करायची. सगळीच्या सगळी. तिला ठेव खाली आणि हे धर."

तिने ठमीला झोळीत ठेवलं आणि झाकण धरलं. सासऱ्यांनी टाकी सिंकमध्ये ओतली. पाणी चहाच्या रंगाचं होतं. झाकणाखाली तीन टोपल्यांतून मुळं लोंबत होती; पांढरी असायला हवीत ती, पण टोकं तपकिरी आणि बुळबुळीत. रिकाम्या टोपल्यांतल्या मेलेल्या मुळांचा गुंता त्यांच्यात अडकलेला. सासरे नळाच्या बारीक धारेखाली एकेक मूळ बोटांनी सोडवायला लागले. इतकी जाड बोटं इतकी हलकी चालू शकतात हे तिला माहीत नव्हतं.

"पाळी बदलताना सांगायचं असतं," ते धारेकडे बघत म्हणाले. "काय घातलं, किती घातलं, पातळी कुठे आहे. चौतीस वर्षं सांगितलं मी पुढच्याला. सांगितल्याशिवाय कधी घरी आलो नाही." मग म्हणाले, "घरात तुझी सासू सांगायची."

झाकण तिच्या हातात होतं. तीन रोपं दिव्याच्या उजेडात तिच्या हनुवटीखाली थरथरत होती. आता नाही सांगितलं तर सांगणारं कुणीच नाही, एवढं तिला दिसलं.

"बाबा, बियांचा डबा मी टाकला."

"हं?"

"डबा नाही. आतले कागद. मला वाटलं, हात पुसलेले आहेत. आई गेल्या त्या आठवड्यात. कचऱ्यात टाकले. हे नऊ यंत्राच्या खोक्यात मिळाले, आईंनी काढून ठेवलेले. बाकी काही नाही."

सासऱ्यांची बोटं थांबली. पाणी वाहत राहिलं.

"म्हणजे हीच तीन?"

"हीच."

त्यांनी नळ बंद केला. टाकी स्वच्छ पाण्याने भरली, मणी वर आणला, तिच्या हातातलं झाकण घेऊन बसवलं, बटण दाबलं. पंप गुळगुळला. मग त्यांनी बूट काढले, हातात घेतले आणि मोज्यांवर चालत आपल्या खोलीत गेले.

* * *

पुढचे अठरा दिवस ते काही बोलले नाहीत. ठमीशीसुद्धा नाही. पहाटे पाचला यायचे, हात पाठीमागे बांधून मणी बघायचे, कशालाही हात न लावता जायचे. ती दुपारी आपलं माप घालायची. अडीच-अडीच मिली, आधी थोडं पाणी सोडून. ठमीचे थेंब पुन्हा सुरू केले. नवरा दोन दिवस घरी राहून गेला आणि जाताना म्हणाला, "बाबांचं बिनसलंय का गं काही?" ती म्हणाली, "विचार की त्यांना." त्याने विचारलं नाही. त्या घरात ती पद्धतच नव्हती.

तीन रोपं मात्र उभी राहिली. करपलेली पानं गळली आणि शेंड्यातून नवी आली, जाड, गडद. वीतभर झाल्यावर तिने त्यांना मागच्या पायरीवर बाहेरची सवय करायला ठेवलं, पहिल्या दिवशी अर्धा तास, मग तास. तिसऱ्या दिवशी ठमीला पाजताना वेळेचं भान राहिलं नाही. धावत गेली तर ऊन चढलेलं होतं, पण रोपांच्या समोर सासऱ्यांची खुर्ची उभी केलेली होती, पाठीवर निळा स्वेटर पसरून. सावली बरोबर रोपांवर. सासरे आसपास नव्हते.

लावणीच्या सकाळी वाफ्यात आधीच कुदळ मारलेली होती. तीन खड्डे होते, कोपरापर्यंत खोल. ती ठमीला चटईवर टाकून मातीत उकिडवी बसली. एवढ्या खोल कशाला, असं तिच्या मनात आलं तोच मागून आवाज आला.

"पहिल्या पानांपर्यंत गाडायचं. दांड्यालाही मुळं फुटतात. ती असंच लावायची."

तिने वळून पाहिलं. ते तिच्याकडेच बघत होते. मधे ठमी नव्हती, फ्रिज नव्हता.

जाळीची टोपली निघेना. मुळं जाळीतून बाहेर येऊन घट्ट विणली गेली होती. सासरे गुडघ्यांवर हात टेकत, कण्हत खाली बसले, रोप दोन्ही तळव्यांत धरलं आणि ती नखांच्या कात्रीने एकेक दांडी कापत गेली.

"राग आला होता मला," ते म्हणाले. "अजून आहे थोडा."

"हो, बाबा."

"तिच्या कानावर घातलं असतं तर ती तुला चार बोलली असती, मला दोन बोलली असती, आणि चहाच्या आत मिटलं असतं. मला तसं येत नाही."

"मलाही नाही."

"तुझ्या जागी मी असतो तर ते कागद टाकले नसते. ओळखले असते. उगीच कशाला खोटं बोलू." टोपलीचा शेवटचा तुकडा निघाला. मुळांचा ओला झुबका त्यांच्या तळव्यात सुटा झाला. "पण पेरलेही नसते. डब्यात तसेच राहिले असते. मला यातलं काय कळतं? धर."

तिने रोप खड्ड्यात सोडलं. माती सारली, मुठीने दाबली. दुसरं लावलं. तिसऱ्याचं एक मूळ कापताना तुटलं, तेव्हा दोघांनीही एकदमच "च्" केलं.

"जगेल," सासरे म्हणाले. "नाही जगलं तर दोन आहेत. पहिलं फळ कुणी खायचं नाही."

"बियाला."

"बियाला. आणि वाळवायला घातलंस की मला दाखव. कुठे ठेवलंस तेही दाखव."

"हो."

चटईवर ठमीने सूर लावला. आधी कुरकुर, मग एकदम भोकाड. सासरे जवळच ठेवलेल्या खुर्चीच्या पाठीला धरून उठले आणि झारी उचलली.

"जा, तिला घे. पाणी मी घालतो. तिघांनाही एकेक झारी. दुपारी तू परत घालू नकोस."

"बरं. संध्याकाळी बघू का मी?"

"बघ. माती कोरडी वाटली तर घाल, आणि मला सांग."

ती उठली. हात कोपरापर्यंत मातीने भरले होते, म्हणून ठमीला कसं उचलावं याचा विचार करत ती क्षणभर तशीच उभी राहिली. ठमी रडतच होती. तेवढ्यात पान्हा फुटला. रोजच फुटायचा, ठमी रडली की, घड्याळ लावल्यासारखा, आणि ती रोज फडकं शोधायची. आज हाताशी फडकं नव्हतं. झग्यावर दोन ओले डाग पसरले, ऊन ऊन. वाफ्यावरून वारा आला तसे ते गार झाले, आणि तो गारवा, सुईची बधिरता उतरलेल्या गालाला लागतो तसा, तिला चांगलाच लागला.